गयाबाईची परात आणि स्थितांबर

जालना जिल्हा आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो, १९८१ साली. जिल्ह्यानं पुढं नाव काढलं. माझं नाव एकदाच निघालं, खात्याच्या चौकशी अहवालात, आणि तेही एका परातीपायी.

मी नेमकं काय काम करतो हे मला स्वतःच्या सासऱ्यांनासुद्धा धड सांगता आलं नव्हतं. मुलगी बघायला आष्टीला गेल्तो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय काम असतं तुम्हाला?"

"हवा गोळा करतो."

"मंग?"

"मंग ती पोस्टानं पाठवतो."

सासरे मध्यस्थाकडं वळून हळूच म्हणाले, "सरकारी नोकरी हाय म्हणलं व्हतं तुम्ही."

नोकरी सरकारीच होती. भोकरदनच्या अलीकडं एका गावाबाहेर जुनी बंद पडलेली रोपवाटिका होती. तिथल्या दोन खोल्या म्हणजे आमचं केंद्र. गच्चीवर दोन वस्तू. एक पत्र्याचं खोकं; त्यातला पंखा रात्रंदिवस घरघरत हवा ओढायचा आणि एका जाड पांढऱ्या कागदातून गाळायचा. दुसरी म्हणजे तिवईवर ठेवलेलं स्टीलचं गोल, उभ्या बाजूंचं, काठ आत वळवलेलं, भलं मोठं भांडं. त्यात दोन बोटं पाणी ठेवायचं, म्हणजे वरून पडलेली धूळ उडून जात नाही. कागद दर सोमवारी बदलायचा, भांड्यातलं पाणी महिनाअखेरीला बाटलीत भरायचं, आणि दोन्ही दूरच्या प्रयोगशाळेला रवाना करायचं. संपली नोकरी.

आता हे कशासाठी? जमिनीपासून सोळा-सतरा किलोमीटर वर गेलं की ढग संपतात, पाऊस संपतो. त्याच्या वरचा थर म्हणजे स्थितांबर. तिथं पाऊसच नाही, तेव्हा तिथं पोचलेली धूळ धुऊन निघत नाही; वर्ष-दोन वर्षं तशीच फिरत राहते. मोठमोठ्या देशांनी हवेत अणुबॉम्ब उडवून बघितले, त्यांची किरणोत्सारी धूळ जाऊन बसली ती तिथंच. त्यांनी काही वाऱ्याच्या अभ्यासासाठी बॉम्ब उडवले नव्हते. पण वाऱ्याचा अभ्यास करणारी माणसं म्हणाली, झालंच आहे तर कामाला लावू.

घनसावंगीकडं माझ्या गावी कालव्याचं पाणी मधेच कमी व्हायला लागलं की लोक वरच्या अंगाला पाण्यात गुलाल सोडायचे, आणि खाली कुणाच्या शेतात लाल पाणी निघतं ते बांधावर बसून बघायचे. बॉम्बची धूळ म्हणजे हा गुलाल. ती कुठं, कोणत्या महिन्यात, किती खाली येते हे जागोजागी मोजलं की वरची हवा कोणत्या वाटेनं चालते ते कळतं. फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला ती जास्त खाली उतरते, हे असंच मोजून मोजून कळलेलं. हवेतला शेवटचा स्फोट झाला ऐंशी साली. म्हणजे गुलाल टाकणारे हात धुऊन घरी गेले, आणि मी बांधावर येऊन बसलो.

पहिला दीड महिना मी गाळणीचा कागद उलटा लावत होतो. प्रयोगशाळेचं पत्र आलं, 'कागदाची खरखरीत बाजू वर असावी.' मी उत्तर पाठवलं, 'असतेच.' आणि मग गच्चीवर पळालो. सूचनांचं अकरा पानी इंग्रजी पुस्तक पेटीत होतं. ते मी आदरानं ठेवलं होतं, फडक्यात बांधून.

शेजारच्या शेताचे मालक दगडूबा. त्यांचा त्या पंख्यावर पहिल्यापासून डोळा. ते रोज बांधावरून विचारायचे, "बापू, हे मशीन हवा वढतं, मंग ढग बी वढून घेत आसंल."

"ढग एवढ्याशा भोकातून जातील का, दगडूबा?"

"मंग उलटं फिरवून पाहा की. वढून घेतलेलं वापस तरी येईल."

एकदा आष्टीला मेव्हणीचं लग्न होतं. रजा मिळाली नाही. मी पंखा बंद करून दोन दिवस गुपचूप पसार झालो, आणि जाताना दगडूबांवर उपकार केल्यासारखं म्हणालो, "तुमच्यासाठी बंद ठेवतो." त्याच दोन दिवसांत असा झोडपून अवकाळी पाऊस पडला की रब्बीची ज्वारी तरारली. त्यानंतर पेरणी आली की गावातले पाच-सहा जण टोप्या सावरत दारात हजर. "बापू, तेवढं बंद करा. दोनच दिवस." मी विज्ञान समजावून सांगायला लागलो की दगडूबा मागून म्हणायचे, "ऐकू नका. मेव्हणीच्या लग्नाला बराबर बंद केल्तं."

गयाबाई आमच्या केंद्रावरची एकमेव हंगामी कामगार. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचा नवरा आठ महिने मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं असायचा, घर हिच्यावर. झाडलोट, पंख्यावर लक्ष, आणि उन्हाळ्यात भांड्यातलं पाणी आटलं की वरचेवर भर घालणं ही तिची कामं. त्या भांड्याला पहिल्या दिवशीच ती 'परात' म्हणाली. पुढं मीही म्हणायला लागलो. तिची एकच इच्छा होती, कायम व्हायचं. कायम झाली की पोरीला भोकरदनला ठेवून शिकवता येणार होतं. त्या वर्षी कागद वरपर्यंत गेलेही होते.

आता माझा मुख्य पराक्रम.

महिनाअखेरीला परात रिकामी केली की पुढच्या महिन्यासाठी ती धुवायची. केंद्र बसवून देणारा माणूस सांगून गेला होता, सौम्य आम्लानं धुवा आणि मग शुद्ध पाण्यानं तीनदा खंगाळा. पहिल्याच खेपेला मी आम्ल ओतायला गेलो आणि ते नव्या टेरिकॉटच्या पँटवर सांडलं. गुडघ्यापासून खाली चाळणी झाली. शुद्ध पाणी तर जालन्याहून बॅटरीच्या दुकानातून डबे भरून यष्टीनं आणायचं. प्रत्येक वेळी कंडक्टरशी हुज्जत. मी आम्लाची बाटली कपाटात कोंडली, कुलूप लावलं, आणि गयाबाईला म्हणालो, "तुम्ही तुमच्या घरची भांडी घासता तशी घासा ही परात. आरशावानी दिसली पाहिजे."

गयाबाईनं हे काम मनावर घेतलं. बाभळीच्या लाकडाची राख कपड्यातून चाळून घ्यायची, त्यात चिंच कालवायची आणि नारळाच्या शेंडीनं घासायचं. पावसाळ्यात ती परात विहिरीवर नेऊन चार घागरी पाण्यानं धुवायची. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची, तेव्हा एका तांब्यात सगळं उरकायचं. पाडव्याला तर घरातली सगळी पितळी भांडी निघायची, त्यांच्याबरोबर आमची परातही निघायची. परात खरंच अशी लखलखायची की मी तीत बघून भांग पाडायचो.

तीन वर्षं गेली. एक दिवस प्रयोगशाळेतून पत्र आलं. लिहिणाऱ्या अनुराधाबाई तिथं याच विषयावर पीएच.डी. करत होत्या. पत्राचा मतलब असा: बाकीच्या सगळ्या केंद्रांवर बॉम्बच्या धुळीतलं किरणोत्सारी सीझियम दरसाल कमी होत चाललंय, तुमच्याकडं मात्र दर चैत्र-वैशाखात ते चढतं. मराठवाड्याच्या वर स्थितांबरातली हवा खाली उतरण्याचं एखादं खास दार असावं. निरीक्षणं अशीच काटेकोर ठेवा.

'काटेकोर' हा शब्द माझ्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा वापरला गेला होता. मी पेढे वाटले. दगडूबांना सांगितलं, "वरच्या हवेचं दार आपल्या गावावर उघडतं."

"माझ्या शेतावर बी?"

"बराबर तुमच्याच शेतावर."

"मंग विहिरीवर नगं म्हणावं. तेवढं जरा बाजूला घ्या."

दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. त्यात 'काटेकोर' नव्हतं. अनुराधाबाईंना दोन गोष्टी खटकल्या होत्या. वर आकाशात सूर्य-ताऱ्यांकडून येणाऱ्या किरणांमुळं बेरिलियम नावाचा पदार्थ सारखा तयार होत असतो. दोन महिन्यांत तो अर्धा संपतो. म्हणजे वरून ताजी हवा उतरली तर तिच्यासोबत बेरिलियम आलंच पाहिजे. आमच्या परातीत चैत्रात सीझियम वाढत होतं, पण त्या मानानं बेरिलियम वाढत नव्हतं. आणि पोटॅशियम निघत होतं, वाट्टेल तेवढं. पोटॅशियम ही जमिनीवरची गोष्ट. ते स्थितांबरात कुठून जाणार? बाई आणि विभागाचे साहेब महिनाअखेरीला प्रत्यक्ष बघायला येणार होते. खाली एक ओळ होती: 'श्रीमती गयाबाई यांच्या कायम नेमणुकीचा निर्णयही याच भेटीत घेण्यात येईल.'

मी फडक्यातलं पुस्तक सोडलं. तीन दिवस शब्दकोश घेऊन अकरा पानं वाचली, आणि चौथ्या पानावर परात धुण्याची सगळी रीत निघाली, आम्लासकट. तरी राखेचं काही डोक्यात आलं नाही. आम्ल वापरत नाही एवढंच पकडलं जाईल ही भीती.

ते दोघं आले. बाई तिशीच्या आत-बाहेर, उन्हानं लाल झालेल्या. साहेब पन्नाशीचे, हातात पिशवी, पिशवीत गयाबाईचे कागद. बाई म्हणाल्या, "तुम्ही दर महिन्याला करता अगदी तसंच करा. मी नुसती बघते."

मी तीन वर्षांत एकदाही केलं नव्हतं तसं केलं. जुनी पँट घालून आलो होतो. सौम्य आम्ल, तीनदा शुद्ध पाणी, ओल्या कागदानं कडा पुसून घेणं, सगळं पुस्तकाबरहुकूम. बाई वहीत टिपत होत्या आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता. शेवटी म्हणाल्या, "यात तर चूक काहीच नाही." साहेबांनी मान डोलावली. मी नम्रपणे खाली बघितलं.

गयाबाई चहा घेऊन वर आली. तिनं परातीकडं बघितलं, काठावरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"बापू, हे काय करून राह्यले? पाव्हण्यासमोर असली ओशट परात ठिवायची व्हय?"

"गयाबाई, राहू द्या."

"कामून राहू द्या? ह्याच्यापायी तर एवढ्या लांबून आल्ते ते. जल्दी आणते म्या घासून."

मी डोळे मोठे केले, खाकरलो, हातानं खुणा केल्या. तिनं परात उचलली, खाली ओट्यावर नेली आणि डब्यातली राख मूठभर ओतली. अनुराधाबाई तिच्या मागोमाग उतरल्या होत्या, त्यांच्या मागं साहेब आणि मी. त्या ओट्याजवळ उकिडव्या बसल्या. गयाबाईनं घासघास घासलं, तांब्याभर पाणी फिरवलं आणि परात उलटी धरून दाखवली.

"आता पाहा."

बाईंनी परात हातात घेतली आणि वळवलेल्या काठाच्या आत नख घातलं. नखावर करडा थर आला.

"ही राख कशाची?"

"बाभळीची. दुसरी चालत न्हाई."

बाईंनी नख वहीच्या पानावर पुसून बघितलं. मग हसू फुटल्यासारखं तोंड करून म्हणाल्या, "झाडं, साहेब. पंचवीस-तीस वर्षांत जे सीझियम जमिनीवर पडलं ते झाडांनी मुळांतून ओढलं. लाकूड जाळलं की बाकी सगळं उडून जातं आणि ते राखेत साठतं. पोटॅशियम तर राखेत भरलेलंच असतं. उन्हाळ्यात पाणी कमी, म्हणून राख काठाशी राहते. माझं वरचं दार ते हे." आणि त्यांनी परातीच्या काठावर टिचकी मारली.

गयाबाईनं विचारलं, "म्हंजी आमच्या चुलीत बॉम्ब हाय?"

"कणभर. सगळ्यांच्याच चुलीत आहे. कुणाला काही होत नाही त्यानं."

"मंग त्या बॉम्बवाल्याला कळवा, भांडं लई झाक निघतं म्हणावं."

बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. "तीन वर्षांची निरीक्षणं वाया," ते म्हणाले. "राखेनं घासायला कुणी सांगितलं यांना?"

गयाबाई माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं, मी सांगणारच.

मी म्हणालो, "घरची सवय असते, साहेब. खेड्यातल्या बायका."

एवढं एकच वाक्य. नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या आणि जवळजवळ सगळ्या मी रंगवून सांगत आलोय. ही सांगायला आजही जड जातं. साहेबांनी पिशवीतून कायम नेमणुकीचे कागद काढले, वरच्या पानावर 'हंगामी कामगाराचे अज्ञान' असं काहीतरी लिहायला घेतलं, मग पेन बंद करून कागद परत आत ठेवले. जेवल्यावर लिहितो म्हणाले.

जेवण गयाबाईकडंच होतं. तिच्या घरात फळीवर भांडी ओळीनं मांडलेली. पितळेचा हंडा, तांबे, ताटं, सगळी झळाळत होती. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा. ती साहेबांना आग्रह करत होती, बाईंना वारा घालत होती. माझ्या ताटात तिसरी भाकर टाकताना ती वाकली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "बापू, म्या चुकले का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मंग सायबानं कागद आत कामून ठिवले?"

मला ती भाकर मोडेना. समोर साहेब ताक पीत होते. मी म्हणालो, "साहेब, राखेनं घासायला मी सांगितलं होतं. यांना सूचनांचं पुस्तक मी कधी वाचून दाखवलंच नाही. मीच वाचलं नव्हतं. सकाळी जे करून दाखवलं ते मी आज पहिल्यांदा केलं."

साहेबांनी पेला खाली ठेवला. "मघाशी तर घरची सवय म्हणालात."

"ती सवय माझी आहे, साहेब. दुसऱ्याचं नाव पुढं करायची."

अनुराधाबाईंनी ठेच्याचा घास तोंडात घातला होता, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्यानं की त्यांच्या प्रबंधातल्या बुडालेल्या प्रकरणानं, मी विचारलं नाही.

"लेखी द्याल?" साहेब म्हणाले.

दिलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, उन्हात, साहेबांच्याच पेननं. हात तापलेल्या पत्र्याला चिकटत होता, त्यामुळं मजकूर नको तेवढा थोडक्यात झाला. गयाबाईनं बाईंना पिशवीभर चाळलेली राख बांधून दिली, जशी एखाद्या माहेरवाशिणीला शिदोरी द्यावी. "बिलकुल खडा न्हाई त्यात," ती म्हणाली.

राख मोजल्यावर बाईंचं पत्र आलं. हिशोब तंतोतंत जुळला होता. मराठवाड्यावरच्या दाराचं प्रकरण त्यांनी प्रबंधातून काढून टाकलं. पण पंख्याचे साप्ताहिक कागद मात्र शाबूत निघाले, कारण त्यांना कुणी घासत नव्हतं. त्यांत चैत्रात बेरिलियम खरंच वाढत होतं, थोडंसं, इतर केंद्रांसारखंच. म्हणजे वरची हवा आमच्या गावावरही उतरत होती. फक्त त्यात खास काही नव्हतं. प्रबंध सहा महिने लांबला आणि पार पडला. दगडूबांना मी सांगितलं की दार काही तुमच्या शेतावर नाही. ते म्हणाले, "मला पह्यलेच वाटलं व्हतं. आपल्या शेतावर काय येणार हाय."

मग एकाच टपालानं दोन लिफाफे आले. एकात गयाबाई कायम झाल्याचा हुकूम. दुसऱ्यात माझ्या सेवापुस्तकात ताशेरा नोंदवल्याची प्रत. त्या ताशेऱ्यानं माझी बढती पुढं बरीच वर्षं अडली, ते असो. गयाबाईनं दोन्ही माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतले. आपला कागद कपाळाला लावला. माझा ऐकताना मात्र तिच्या कपाळाला आठ्या चढत गेल्या.

"राख माझी, चिंच माझी, घासली म्या. अन् नाव निस्तं तुमचं?"

"गयाबाई, ते चांगलं म्हणून लिहिलेलं नाही."

"ते कळतं मला, येडी न्हाई म्या. पण अर्धं तरी माझ्याकडं द्यायचं व्हतं. सायेब काय फाशी देणार व्हता?"

दुसऱ्या दिवशी तिनं मला पुस्तकाचं चौथं पान मराठीत वाचायला लावलं. मग पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी मी एक ओळ गाळली तर तिनं ती मला सांगितली. महिनाअखेरीला मी आम्लाची बाटली काढली, तेव्हा तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली, पदर खोचला आणि एक थेंब न सांडता परात धुतली. तीनदा खंगाळली, काठ आतून ओल्या कागदानं पुसला आणि तो कागद उजेडाकडं धरून बघितला. मी मदतीला पुढं झालो.

"तुम्ही तिकडं उभे ऱ्हावा," ती म्हणाली. "तुमच्या हाताला वळण न्हाई."

त्यानंतर आम्ही आणखी सोळा वर्षं त्या केंद्रावर होतो. कागदोपत्री मी केंद्रप्रमुख. नवा माणूस शिकायला आला की साहेब त्याला तिच्याकडं पाठवायचे. मला तिनं त्या परातीला हात लावू दिला नाही तो नाहीच.